बर्फात माड तगतो, मग बेळगावात नारळ का रुसतो?

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. इंग्लंडमधलं कुणाचं तरी घर, दारात बर्फाचा थर, गाडीची काच पांढरी झालेली, आणि अंगणात झावळ्यांवर बर्फ घेऊन उभा असलेला माड. खाली प्रश्नही ठरलेला: "तिकडं बर्फात नारळ येतोय, मग आमच्या टिळकवाडीत धरायला काय होतंय?" लगेच कुणी म्हणतो फोटो खोटा, कुणी बोअरच्या पाण्याला नावं ठेवतो, कुणी रोप देणाऱ्या नर्सरीवाल्याला.

फोटो बहुतेक वेळा खरा असतो आणि प्रश्नही रास्त आहे. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना त्याचं कुतूहल असतं. ज्यांनी जांबोटी रस्त्याला फार्महाऊस बांधून फाटकापासून पायरीपर्यंत पामची रांग लावली आहे, त्यांच्या तर खिशाशीच त्याचा संबंध आहे. थोडक्यात सांगायचं तर थंडी सोसणं वेगळं आणि थंडीत वाढणं वेगळं. फोटोतलं झाड पहिल्या कामात तरबेज आहे. आपला नारळ दोन्हींत कच्चा आहे, पण बेळगावची थंडी त्याला मारण्याइतकी कडक नाही, नुसती रुसवण्यापुरती आहे.

फोटोतलं झाड कोणतं?

नारळ नक्कीच नाही. झावळी नीट बघा. नारळाची झावळी लांब असते, मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांनी पाती सुटलेली. फोटोतल्या झाडाची पानं ताडासारखी गोल, पंख्याच्या आकाराची दिसतील. खोडावर तपकिरी काथ्याचं जाड वेष्टण असतं. हे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, इंग्लंडात याला चुसान पाम म्हणतात. मूळचा चीनच्या डोंगराळ भागातला. तिथं याच काथ्यापासून दोर वळत आणि पावसात पांघरायची इरली करत.

युरोपात त्याचं बी 1830 मध्ये सीबोल्ड नावाच्या डॉक्टराने जपानहून नेलं. नंतर 1849 मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनमधून रोपं इंग्लंडला पाठवली, म्हणून झाडाला त्याचं नाव. हा तोच फॉर्च्युन, ज्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपं चीनमधून भारतात आणली. सकाळचा चहा आणि इंग्लंडातला माड एकाच माणसाच्या खटपटीतून आले, हे मला तरी गमतीचं वाटतं.

काही फोटोंत मात्र पामसुद्धा नसतो. इंग्लंडच्या किनारी गावांत कॉर्डिलाइन नावाचं न्यूझीलंडचं झाड खूप लावलेलं आहे. उंच खोड, टोकाला तलवारीसारख्या पात्यांचा झुबका, लांबून माडच वाटतो. तिथले लोकही त्याला पामच म्हणतात, पण ते पामच्या कुळातलं नाही.

बर्फातला पाम बघायला इतक्या लांब जायचीही गरज नाही. कुमाऊंत पिथौरागडजवळच्या थलकेदार डोंगरावर, बांज वृक्षांच्या रानात ट्रॅकिकार्पस टाकिल उगवतो. चुसानचा हा सख्खा भाऊ. बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने 1905 मध्ये त्याची नोंद केली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास, हिवाळ्यात बर्फ पडतो अशा जागी तो उभा असतो. बेळगावच्या मराठा सेंटरमधून शिकून त्या बाजूला पोस्टिंग झालेल्या एखाद्या जवानाने तो पाहिलाही असेल.

थंडीने झाडाचं बिघडतं काय?

संक्रांतीच्या सुमारास आपल्या घरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. वर पांढरा गोळा, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. शेजारीच शेंगदाणा तेलाचा डबा असतो, तो मात्र तसाच वाहता. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं, शेंगदाण्याचं तेल थिजायला त्याहून पुष्कळ जास्त गारठा लागतो. कारण तेलाच्या रेणूंच्या आकारात आहे. खोबरेलाचे रेणू सरळ असतात, थंडी पडली की एकमेकांना चिकटून घट्ट बसतात. शेंगदाणा तेलाच्या रेणूंना मध्ये वाक असतो, त्यामुळे त्यांना तसं बसता येत नाही.

झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी आणि क्षार आत-बाहेर जातात, म्हणून तो वाहता, लवचीक राहायला हवा. उष्ण प्रदेशातल्या झाडांचा हा पडदा 10-12 अंशांच्या खाली बाटलीतल्या खोबरेलासारखा ताठरायला लागतो. (नारळातलं तेल आणि नारळाच्या पेशीचा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तत्त्व तेवढं एक.) पडदा ताठरला की गळती सुरू होते, मुळं पाणी आणि पोटॅश नीट ओढत नाहीत, पान अन्न कमी बनवतं. बर्फाचा कण नसतानाही झाड आजारी पडतं. याला आपण गारठ्याची इजा म्हणू.

दुसरी इजा गोठण्याची. पारा शून्याखाली गेला की आधी पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ होतो आणि तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून सुकते. बर्फ पेशीच्या आत झाला तर खेळ संपला. अशी झावळी सकाळी उकडलेल्या भाजीगत ओलसर, काळपट हिरवी दिसते आणि मग तपकिरी होते.

थंड मुलखातली झाडं यावर उपाय करतात. दिवस लहान होऊन हवा हळूहळू गार पडू लागली की पडद्यातले वाक असलेले रेणू वाढवतात, पेशीत साखर साठवतात. साखरेचं पाणी उशिरा गोठतं. मात्र या तयारीला काही आठवडे लागतात. म्हणून कालपर्यंत ऊब आणि आज एकदम कडाका, अशी थंडी मुरलेल्या झाडालाही बाधते. नारळाला तर ही तयारी मुळात जमतच नाही.

एकच कोंब, तोही उघड्यावर

आंबा किंवा जांभूळ थंडीने, आगीने किंवा कुऱ्हाडीने वरून गेला तरी खालून फुटतो. त्याच्या फांद्याफांद्यांवर झोपलेले डोळे असतात. पामला असा राखीव डोळा नसतो. सगळी वाढ शेंड्यावरच्या एका कोंबातून होते. तो गेला की झाड गेलं, मग खोड चाळीस फुटी का असेना. बुंध्यातून अनेक कोंब सोडणारे काही पाम याला अपवाद आहेत, घराघरातल्या कुंडीतला अरेका पाम त्यांपैकीच. नारळ, सुपारी, रॉयल, फॉक्सटेल यांचा मात्र सगळा डाव एकाच कोंबावर.

खोडाचंही तसंच. इतर झाडांत सालीखाली वाढणारा थर असतो, तो जखम भरून काढतो. पामच्या खोडात तो नाही. माडाला चढण्यासाठी पाडलेल्या खाचा बघा, वर्षानुवर्षं तशाच राहतात. थंडीने तडकलेलं खोडही तसंच राहतं.

कोंबाच्या आत पुढच्या कित्येक पानांची पिल्लं एकात एक गुंडाळलेली असतात. म्हणून थंडीचा मार बसतो एका दिवशी आणि दिसतो काही महिन्यांनी, जेव्हा त्या वेळी पोटात असलेलं पान आखूड किंवा सुरकुतलेलं बाहेर येतं. तोवर मालक पावसाला दोष देऊन मोकळा झालेला असतो.

थंडीपासून लपायला पामला जागा नाही, याचा शास्त्रज्ञांनी चांगला उपयोग करून घेतला आहे. आर्क्टिक समुद्राच्या तळातल्या सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात पामचे परागकण सापडले. त्यावरून तेव्हा तिथला हिवाळाही कडाक्याचा नसावा, असा निष्कर्ष काढता आला. जुन्या हवामानाचा तापमापक म्हणून पामचे अवशेष कामी येतात.

बेळगावच्या नारळाचं दुखणं

आता घरचा प्रश्न. नारळाला वर्षभराचं सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास हवं असतं. आपल्या देशात समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीपर्यंत लागवड करावी, अशी शिफारस आहे. बेळगाव शहर आहे 750 मीटरच्या घरात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 13-14 अंश, आणि काही पहाटे त्याहून खाली. बर्फाचा प्रश्नच नाही, म्हणजे दुसरी इजा इथं होत नाही. गारठ्याची इजाही अशा मोजक्या रात्रींत झाली तर हलकीच. खरं नुकसान वाढ मंदावल्याचं आहे.

त्याचा हिशेब बघण्यासारखा आहे. किनाऱ्यावरचा चांगला नारळ वर्षाला 12 ते 14 नव्या झावळ्या काढतो. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, येते, आणि पोयीवरच नारळाचा घड. म्हणजे जितक्या झावळ्या, तितक्याच पोया. हिवाळ्याचे दोन-अडीच महिने कोंब आळसावला की झावळ्या कमी, झावळ्या कमी की पोया कमी. शिवाय पोयीवरच्या मादी फुलांची संख्या उन्हाळ्यात जास्त आणि थंडीत कमी असते. फूल आल्यापासून नारळ पिकायला साधारण वर्ष लागतं, त्यामुळे या हिवाळ्याचा फटका पुढच्या हिवाळ्यात काढणीच्या वेळी कळतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की माडांची घनदाट रांग लागते, त्याचं मुख्य कारण हेच. तिथं कोंबाला सुट्टी नसते.

तरीही सगळं थंडीच्या माथी मारू नये. शहापूर-वडगावच्या परसात उभे असलेले बरेचसे नारळ माझ्या मते थंडीने कमी आणि उपासमारीने जास्त आजारी असतात. शेजारी तीन मजली इमारत उठल्यावर ऊन अर्ध्यावर आलेलं, बुंध्यापर्यंत फरशी, आणि खत म्हणाल तर लावताना घातलेलं शेणखत तेवढंच. मोठ्या नारळाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश द्यावं, ही देशभर चालणारी शिफारस आहे. यातलं पालाश म्हणजे साध्या भाषेत दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. ते किती घरांत पडतं? जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर बहुधा पोटॅशचीच उणीव असते. गार मातीत मुळं पोटॅश कमी ओढतात, म्हणून हिवाळ्यात ती जास्त उठून दिसते. एवढं खत एकदम न घालता दोन हप्त्यांत द्यायचं, पावसाच्या तोंडावर एक आणि पाऊस ओसरताना दुसरा. थंडी पडायच्या आधी मुळांना ते मिळालेलं असलं पाहिजे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गोष्ट आणखी वेगळी. तिथं शत्रू थंडी नाही, ओल आहे. पावसाच्या झडीत फायटॉप्थोरा ही बुरशी कोंबात शिरते आणि कोंब कुजतो. अथणीकडे उलट, हवा कोरडी, उन्हाळा कडक, पाणी मिळालं तर नारळ बरा येतो. एकाच जिल्ह्यात नारळाची ही तीन दुखणी आहेत, त्यामुळे नातेवाइकाने सांगितलेला उपाय आपल्या झाडाला लागू पडेलच असं नाही.

'उणे 15 अंश सोसतो', म्हणजे काय?

परदेशी पामच्या पाकिटावर किंवा जाहिरातीत एक आकडा असतो. चुसान उणे 15, निडल पाम उणे 20, भूमध्य समुद्राकाठचा बुटका कॅमेरॉप्स उणे 10. आकडे ढोबळमानाने खरे आहेत, पण अर्धवट आहेत. त्यामागच्या अटी छापलेल्या नसतात. झाड मोठं हवं, जमिनीत रुजलेलं हवं, कडाका थोडा वेळ टिकणारा हवा, हवा कोरडी हवी आणि आधीचा उन्हाळा चांगला गेलेला हवा. यातली एकेक अट निघाली की आकडा वर सरकतो. कुंडीतल्या रोपाची तर मुळंच आधी गोठतात, कारण कुंडीला चहूबाजूंनी गार हवा लागते.

अमेरिकेत झोन नावाची पद्धत आहे. एखाद्या ठिकाणी वर्षातली सगळ्यात गार रात्र सरासरी किती गार असते, त्यावरून मुलखाचे पट्टे पाडले आहेत. पद्धत सोयीची आहे, पण ती फक्त एका रात्रीबद्दल बोलते. थंडी किती दिवस राहते आणि उन्हाळ्यात ऊब किती मिळते, हे तिला विचारून उपयोग नाही. निडल पामचंच बघा. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दमट, तापलेल्या उन्हाळ्याला सरावलेला आहे. इंग्लंडचा हिवाळा तो सहज काढतो, पण तिथल्या मिळमिळीत उन्हाळ्यात वाढतच नाही, आहे तसा बसून राहतो. चुसानला गार उन्हाळाही चालतो, म्हणून तो तिथं गल्लोगल्ली आहे.

पेपरात येणाऱ्या तापमानाचाही एक घोळ आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन, गवत आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात, आणि भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गार होऊ शकतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेव्हा पेटीतला तापमापक बऱ्याचदा शून्याच्या वरच असतो. गार हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत सखल भागात जमते. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतात पहाटे जो गारठा असतो तो कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली नसतो. वर झाडाचा किंवा छपराचा आडोसा असला की पान कमी गार होतं. गच्चीवर उघड्या आकाशाखाली ठेवलेल्या पामच्या कुंड्या दिवाळीनंतर सज्जात घेतल्या तर एवढ्यानेच पानं करपायची थांबतात. खर्च शून्य.

थंड देशात झाडं जपतात कशी?

तिकडच्या हौशी माणसांची निम्मी मेहनत रोप लावायच्या आधीच झालेली असते. जागा निवडताना ते दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत शोधतात. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब झाडाला मिळते. बोचरा वारा अडला पाहिजे, आणि पाणी साचता कामा नये. चिकण माती असेल तर वाळू-खडी मिसळून उंचवटा करतात आणि त्यावर लावतात, कारण हिवाळ्यात पामची मुळं पाणी फारसं ओढत नाहीत आणि ओल्या गार मातीत कुजतात. छोटं रोप पहिली काही वर्षं कुंडीत वाढवून हिवाळ्यात घरात घेतात. बुंधा चांगला जाड झाल्यावरच त्याला जमिनीत लावतात.

शरद सुरू झाला की नत्राचं खत बंद. नत्राने कोवळी, पाणचट वाढ होते आणि कडाक्यात तीच आधी जाते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर देतात, म्हणजे मुळांजवळची माती गोठत नाही.

कडाक्याचा अंदाज आला की झावळ्या गोळा करून सुतळीने वरच्या वर बांधतात, कोंब मध्ये सुरक्षित. त्यावर पांढरं, हवा जाऊ देणारं न विणलेलं कापड गुंडाळतात. फार थंड भागात भोवती जाळीचा गोल उभा करून त्यात गवताचा पेंढा भरतात, आणि आत जुन्या, पिवळ्या, गरम होणाऱ्या रोषणाईच्या माळा सोडतात. एलईडीच्या माळा कामाच्या नाहीत, त्या तापत नाहीत. वरून पावसासाठी छोटं छप्पर. हे छप्पर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण थंड देशातले कित्येक पाम कडाक्याने मरत नाहीत, मेलेल्या पेशींत साचलेल्या पाण्याने मरतात. कोंबात पाणी, त्यात बुरशी आणि जिवाणू, आणि वसंतात हवा उबदार झाली की कुजण्याला वेग. प्लॅस्टिकचा कागद म्हणूनच टाळतात. आत घाम धरतो. आणि चार दिवस ऊब पडली की सगळं उघडून हवा देतात, पुन्हा थंडी आली की पुन्हा बांधतात.

हिवाळा सरल्यावर परीक्षा असते. मधलं न उलगडलेलं, भाल्यासारखं सरळ पान दोन बोटांत धरून हलकेच वर ओढायचं. घट्ट असेल तर झाड जिवंत. पान अलगद उपटून हातात आलं, त्याचा बुडखा काळपट मऊ लागला आणि आंबूस कुबट वास आला, तर आत कुजलंय. तरीही लगेच आशा सोडत नाहीत. कुजलेला भाग काढून, पोकळी कोरडी करून तांब्याचं बुरशीनाशक ओततात आणि वाट बघतात. कोंबाचा तळ शाबूत असेल तर काही आठवड्यांनी तिथून नवं पान डोकं काढतं, पहिली दोन-तीन पानं वेडीवाकडी आली तरी. करपलेल्या झावळ्या मात्र थंडी पूर्ण संपेपर्यंत कापत नाहीत. जळालेलं पानही खालच्या कोंबाला आडोसा देतं.

'मग आपणही नारळ गुंडाळायचा का?'

नको. बेळगावात जानेवारीच्या दुपारी 28-30 अंश तापमान असतं. गुंडाळलेला कोंब आतून उकडेल. बिऱ्हाडाच्या सामानागत ताडपत्रीत बांधलेले बॉटल पाम एखाद्या नव्या लेआउटच्या फाटकाशी दिसतात, ते पाहून कीव येते.

कोंब ओढून बघण्याची परीक्षा मात्र आपल्याकडे पावसाळ्यात जशीच्या तशी चालते. खानापूर भागात श्रावणात मधलं पान फिकट पडून लोंबायला लागलं तर तोच प्रकार समजा. कुजका भाग खरवडून काढा, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, नवा कोंब फुटेपर्यंत वरून पाणी जाणार नाही असं झाका. शेजारच्या झाडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाळ्याच्या आधी फवारून ठेवा. पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गेलेले दिसले तर तो ना थंडीचा दोष ना बुरशीचा, तो गेंड्या भुंगा.

लागवडीची वेळही थंडीच्या हिशेबाने ठरवावी. मृगाच्या आसपास लावलेल्या रोपाला थंडीआधी चार-पाच महिने मिळतात, मुळं पसरतात. पाणी साचणाऱ्या जागी जोराचा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरात लावा. डिसेंबरात वास्तुशांतीच्या मुहूर्तावर लावलेला फॉक्सटेल फेब्रुवारीपर्यंत नुसता उभा राहतो, वाढीचं नाव नाही. रोपात खोट नसते, महिना चुकलेला असतो.

'बर्फातलं झाड इथं लावलं तर?'

जगेल कदाचित. दुपारची सावली आणि निचऱ्याची जमीन दिली तर चुसान बेळगावच्या हवेत तग धरेल असं मला वाटतं, पण एप्रिलच्या 35-36 अंशांत तो खुलणार नाही. त्याची खरी जागा मसुरी-सिमल्याची. शिवाय जी थंडी सोसण्यासाठी त्याची ख्याती, ती इथं पडतच नाही. छत्री पावसात उत्तम म्हणून ती वाळवंटात विकत घेण्याची गरज नसते, तसाच हा सौदा.

त्यापेक्षा आपली शिंदी बघा. ओढ्याकाठी, बांधावर आपोआप उगवणारी, कन्नडात जिला ईचल म्हणतात ती. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ती पसरलेली आहे, हलका गोठणारा गारठाही सोसते, दुष्काळ सोसते, पाणथळ सोसते. काटे असतात आणि ताडीमुळे थोडी बदनाम झाली, म्हणून बंगल्यात कुणी लावत नाही. पण हीच शिंदी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सिल्व्हेस्टर पाम या नावाने हॉटेलांच्या दारात दिमाखात उभी आहे. खानापूरच्या रानातला भेरली माडही देखणा आहे, एवढंच की वरून खाली फुलत आला की त्याचं आयुष्य संपतं. नर्सरीतलाच हवा असेल तर चायना पाम घ्या, रॉयल आणि फॉक्सटेलपेक्षा तो गारठ्याला बराच काटक.

'हवा तापतेय, मग प्रश्न आपोआप सुटेल की'

सरासरी तापमान वाढलं म्हणून एखादी वाईट रात्र यायची थांबत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये गेल्या काही दशकांत लोकांनी निर्धास्तपणे नाजूक पाम लावले. फेब्रुवारी 2021 मध्ये एकच मोठी थंडीची लाट आली आणि ते मोठ्या संख्येने मेले. पामचं भवितव्य सरासरी ठरवत नाही, ती एक रात्र ठरवते.

दुसरीकडे स्वित्झर्लंडच्या दक्षिणेत, तिचिनो भागात, उलटाच त्रास झाला. बागेत हौसेने लावलेला चुसान हिवाळे सौम्य झाल्यावर पक्ष्यांनी नेलेल्या बियांतून रानात घुसला, आणि स्थानिक झाडांच्या रोपांना त्याच्या सावलीखाली जागा उरेना. 1 सप्टेंबर 2024 पासून स्वित्झर्लंडभर त्याच्या विक्रीवर बंदी आहे. बर्फाच्या देशाने माडावर बंदी घातली, यावर दहा वर्षांपूर्वी कुणी विश्वास ठेवला नसता.

बी मागवण्याआधी

पोरगं सुट्टीवर येताना बॅगेत रोप किंवा बी घेऊन येतो म्हणालं तर नको सांगा. वनस्पती विलगीकरण आदेश 2003 नुसार परदेशातून रोपं-बियाणं आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नुसता सरकारी काच नाही. नारळाच्या खोडात भुगा पाडणारा आपला सोंड्या भुंगा मूळचा आशियातला. रोपांच्या व्यापारातून तो 1990 च्या दशकात स्पेनला पोचला, आणि भूमध्य समुद्राच्या काठावरचे शोभेचे कॅनरी पाम त्याने रांगेने पाडले. उलट दिशेनेही असंच काही इकडे येऊ शकतं.

हौस असेलच तर देशातल्या नर्सरीत वाढवलेलं रोप घ्या. कुमाऊंतला टाकिल रानात थोडा उरला आहे, तिथून उपटून आणलेलं रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नका. बी लावणार असाल तर ताजं लागतं. ट्रॅकिकार्पसचं बी वाळलं की त्याची उगवण झपाट्याने घटते, ऑनलाइन पाकिटातलं बी रुजत नाही त्याचं हे मोठं कारण. रुजायला दोन-तीन महिने लागतात, आणि सुरुवातीची पानं पंख्यासारखी नसतात, साधी अरुंद पाती असतात. कुंडीवर चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी तण समजून खुरपून टाकेल.